आधी तपासा, मग मोजा

नोव्हेंबर २०१८मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णालयात दाखल झालेल्या २४० रुग्णांची जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला घरी गेल्यावर नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला त्याशिवाय तीन महिने खास प्रशिक्षित परिचारिकांची साथ मिळाली. आजार कसा सांभाळायचा, दम वाढला तर काय करायचे, हे त्या रुग्णाला आणि घरच्यांना शिकवत. पुढच्या सहा महिन्यांत या आजारापायी पुन्हा रुग्णालयात किंवा तातडीच्या विभागात जाण्याचे प्रसंग मोजले गेले. परिचारिकांच्या गटात ते दर रुग्णामागे सरासरी ०.७२ निघाले, दुसऱ्या गटात १.४०. जवळजवळ निम्मे! औषध नाही, यंत्र नाही, फक्त माणसाची साथ. आणि एवढा फायदा. कुठल्याही डॉक्टरला हुरूप यावा असा हा निष्कर्ष होता.

ऑक्टोबर २०१९मध्ये संशोधकांनी हा निबंध मागे घेतला आणि त्याच जागी दुरुस्त निबंध छापला. आकडे तेच होते, ०.७२ आणि १.४०. फक्त गटांची अदलाबदल झाली होती. ज्यांना परिचारिकांची साथ मिळाली, त्यांच्याच रुग्णालयाच्या फेऱ्या जास्त झाल्या होत्या. कारण संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. मूळ नोंदीत गटांना १ आणि २ असे क्रमांक होते. विश्लेषणासाठी ते ० आणि १ असे बदलायचे होते. कोडमधल्या त्या बदलात उलटापालट झाली. त्यानंतरची सगळी गणिते अचूक होती; फक्त ती चुकीच्या गटाच्या नावावर जमा होत होती. संगणकाने कुठेही तक्रार केली नाही. तक्रार करावी असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

वैद्यकीय संशोधनातल्या फसवणुकीवर, औषध कंपन्यांच्या प्रभावावर आपण बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण आज रुग्णाच्या उपचारापर्यंत पोचणारा जवळजवळ प्रत्येक आकडा कुणीतरी लिहिलेल्या संगणकीय कोडमधून जातो. त्या कोडला दिलेली माहिती योग्य आहे की नाही, हे तपासायचे कोणी? या प्रश्नाकडे मात्र आपले फारसे लक्ष नाही.

फंक्शन म्हणजे काय?

सांख्यिकीचे काम आज मोठ्या प्रमाणावर ‘आर’ आणि ‘पायथन’ या भाषांमध्ये चालते. ‘आर’चा जन्म १९९०च्या दशकात न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात, रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांच्या हातून झाला. ती फुकट मिळते आणि जगभरातले लोक तिच्यात भर घालतात. या भाषांमध्ये एखादे काम करून देणाऱ्या छोट्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. त्याला आपण जी माहिती देतो तिला आर्ग्युमेंट म्हणतात. पीठगिरणीशी तुलना करा. वरून धान्य टाकायचे, खालून पीठ मिळते. गव्हात खडे असतील तर गिरणीवाला ओरडतो. फंक्शन ओरडेलच असे नाही. ते खडेही दळून देते.

वजन आणि उंचीवरून बॉडी मास इंडेक्स म्हणजे बीएमआय काढणारे फंक्शन घ्या. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. ७० किलो वजन आणि १.७ मीटर उंची असेल, तर उत्तर येते २४.२. आता नोंद करणाऱ्याने उंची सेंटिमीटरमध्ये, म्हणजे १७० लिहिली. फंक्शन निमूटपणे भागाकार करते आणि उत्तर देते ०.००२४. हे उत्तर डोळ्यांसमोर आले तर कोणीही हसेल. पण ते समोर येतच नाही. पुढच्या ओळीत दुसरे फंक्शन असते. बीएमआय १८.५ पेक्षा कमी असेल तर ‘कमी वजन’ असा शिक्का मारायचा, एवढेच त्याचे काम. ०.००२४ हा आकडा १८.५ पेक्षा नक्कीच कमी आहे! त्यामुळे धडधाकट माणूस ‘कमी वजना’च्या रकान्यात जातो. शेवटी टक्केवारी तेवढी दिसते, आणि त्या टक्केवारीत वेडेवाकडे काहीच वाटत नाही.

एका फंक्शनचे उत्तर दुसऱ्याचे आर्ग्युमेंट होते, दुसऱ्याचे तिसऱ्याचे. चूक जितक्या टप्प्यांतून पुढे जाते तितकी ती सभ्य दिसू लागते. म्हणून तिला पहिल्या दारातच अडवायला हवे.

ऐनवेळी गप्प बसणारी भाषा

हे नवशिक्याच्या कोडचेच दुखणे आहे असे समजू नका. ‘आर’ भाषेत सुरुवातीपासून असलेल्या फंक्शनांचा स्वभावही काही ठिकाणी असाच सोशिक आहे. तीन रुग्णांचे हिमोग्लोबिन ९, ११ आणि १३ आहे. त्याची सरासरी ११, हे तोंडी सांगता येते. पण सरासरीच्या फंक्शनला हे तीन आकडे एका संचात न बांधता नुसते स्वल्पविराम देऊन दिले, तर उत्तर येते ९. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही. हे फंक्शन पहिल्या आकड्यालाच माहिती समजते. दुसरा आकडा, ११, ते वेगळ्याच कामासाठी घेते: सरासरी काढताना दोन्ही टोकांचे किती आकडे गाळायचे त्याचे प्रमाण म्हणून. हे प्रमाण ० ते ०.५ च्या दरम्यान असायला हवे. ११ हे प्रमाण असूच शकत नाही. पण फंक्शन थांबत नाही, ते त्याला ०.५ मानून पुढे जाते. असे होते हे भाषेच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे. ती किती जण उघडून वाचतात, हा वेगळा प्रश्न.

बेरजेचे उदाहरण याहून बोलके आहे. नोंद नसलेल्या जागा वगळून बेरीज करायला सांगणारी एक छोटी सूचना असते. तिच्या नावातल्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तर बेरजेचे फंक्शन ‘अशी सूचना मला माहीत नाही’ असे म्हणत नाही. सूचनेत दिलेले ‘होय’ हे मूल्य ते चक्क १ धरते आणि बेरजेत मिळवते. ९, ११ आणि १३ यांची बेरीज ३३ ऐवजी ३४ येते. खरोखर एखादी नोंद गाळलेली असेल तर उत्तरात ‘अज्ञात’ येते आणि चूक लक्षात येते. सगळ्या नोंदी पूर्ण असतील तेव्हा मात्र उत्तर गुपचूप एकने वाढते. मृत्यूंची बेरीज करताना तो वाढलेला ‘एक’ कोण आहे, हे शोधूनही सापडणार नाही.

या भाषेची देखभाल करणाऱ्यांनाही हा सोशिकपणा जाणवला आहे. पूर्वी आकड्यांच्या रकान्यात एका जागी ‘नमुना अपुरा’ असे शब्द आले, की माहिती वाचताना सगळा रकाना शब्दांचा मानला जाई आणि त्याचे आपोआप वर्गीकरण होई. मग त्याचे पुन्हा आकडे करायला गेले की मूळ मोजमापांऐवजी वर्गांचे अनुक्रमांक हाती येत. २०२०मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत हे आपोआप होणारे वर्गीकरण बंद झाले. ‘जर असे असेल तर’ या अटीला एकाऐवजी अनेक उत्तरे दिली, तर पूर्वी फक्त इशारा मिळे आणि काम पहिल्या उत्तरावर पुढे चाले. २०२२च्या ४.२ आवृत्तीपासून काम थांबते. दिशा योग्य आहे. पण लाखो जुने कोड, आणि वापरणाऱ्यांनी स्वतः लिहिलेली फंक्शने, एवढ्याने सुधारत नाहीत.

संकेतांक म्हणजे संख्या नव्हे

२०१५मध्ये ‘करंट बायोलॉजी’त एक निबंध आला. सहा देशांतल्या ५ ते १२ वयाच्या ११७० मुलांचा त्यात अभ्यास होता. धार्मिक घरांतली मुले इतरांपेक्षा कमी उदार असतात, असा निष्कर्ष निघाला. अर्थातच जगभर बातम्या झाल्या. पुढे अझीम शरीफ या मानसशास्त्रज्ञाने मूळ माहिती मागवून तपासली, तेव्हा एक साधी गोष्ट दिसली. देशांना संकेतांक दिले होते: अमेरिका १, कॅनडा २, अशा क्रमाने. हे क्रमांक म्हणजे केवळ नावे. पण विश्लेषणात ते मोजमापासारखे वापरले गेले, जणू कॅनडा हा अमेरिकेच्या दुप्पट देश आहे! देशादेशांतला फरक नीट हिशेबात घेतल्यावर तो गाजलेला संबंध उरला नाही. २०१९मध्ये निबंध मागे घेतला गेला.

रुग्णालयातल्या माहितीत असे संकेतांक पावलोपावली असतात. पुरुष १, स्त्री २. रक्तगट १ ते ४. वॉर्ड ७, वॉर्ड ९. वय माहीत नसेल तर ९९. सरासरी काढणाऱ्या फंक्शनला या सगळ्या संख्याच दिसतात. ‘सरासरी रक्तगट २.३’ असे उत्तरही ते दोन दशांशांपर्यंत अचूक देईल.

कर्करोगाच्या उपचारात असाच प्रकार रुग्णांपर्यंत पोचला. २००६मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये दावा केला, की जनुकांच्या हालचालीवरून कोणत्या रुग्णाला कोणते केमोथेरपीचे औषध लागू पडेल ते सांगता येते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स हे दोन संख्याशास्त्रज्ञ ते गणित पुन्हा करून पाहू लागले. त्यांना दिसले, की निबंधातल्या जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या आहेत, म्हणजे एकाचे नाव दुसऱ्याच्या आकड्यापुढे. काही औषधांच्या बाबतीत ‘औषध लागू पडते’ आणि ‘लागू पडत नाही’ हे शिक्केच उलटे होते. त्यांनी हे वारंवार मांडले. तोवर २००७पासून या पद्धतीवर आधारलेल्या चाचण्यांत खरे रुग्ण दाखल होऊ लागले होते. त्या चाचण्या कायमच्या बंद व्हायला २०१० उजाडले, आणि निबंध २०११मध्ये मागे घेतला गेला. पुढे २०१५मध्ये अमेरिकी सरकारच्या यंत्रणेने एका संशोधकाने माहितीत खोटेपणा केल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे हे सगळे निव्वळ अनवधान नव्हते. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन तक्त्यांतली नावे जुळतात का, ही तपासणी कोडच्या दोन ओळींत होते. ती असती, तर ओळ सरकल्याचे पहिल्याच दिवशी कळले असते.

न दिलेली माहितीही माहितीच

आर्ग्युमेंट दिले नाही तरी फंक्शन अडत नाही, आधीच ठरवून ठेवलेले मूल्य वापरते. याला डिफॉल्ट म्हणतात. हवेतल्या प्रदूषणाच्या संशोधनाला २००२मध्ये याच डिफॉल्टने धक्का दिला. जॉन्स हॉपकिन्सचाच एक गट अमेरिकेतल्या ९० शहरांतील धूलिकण आणि मृत्यू यांचा संबंध अभ्यासत होता. हवेतले पीएम १० कण प्रति घनमीटर १० मायक्रोग्रॅमने वाढले तर मृत्यू ०.४१ टक्क्यांनी वाढतात, असे त्यांचे अनुमान होते. त्यांनी वापरलेले सॉफ्टवेअर, ‘आर’च्या कुळातलेच, उत्तर हळूहळू सुधारत नेत असे आणि एका मर्यादेला थांबत असे. थांबण्याची ती ठरलेली मर्यादा या कामासाठी फार सैल होती. ती कडक केल्यावर ०.४१ चे ०.२७ झाले. प्रदूषणाने मृत्यू वाढतात हा निष्कर्ष टिकला, पण त्याचे मोजमाप बदलले. हे संशोधकांनी स्वतः जाहीर केले. हवेच्या दर्जाचे नियम ठरवताना अशाच आकड्यांचा आधार घेतला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे यातले गांभीर्य कळते.

माहिती आत घेताना गप्प बसणाऱ्या साधनांचे आणखी एक उदाहरण कोविडच्या काळातले आहे. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद राष्ट्रीय आकडेवारीत आलीच नाही. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत भरली जात होती. त्या फायलीत ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. पुढच्या ओळी गळून पडल्या. त्या रुग्णांना त्यांचे अहवाल मिळाले, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. साथीत एकेका दिवसाला किती मोल असते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. आत आलेल्या आणि नोंदल्या गेलेल्या ओळींची संख्या जुळते का, एवढी एक तपासणी पुरेशी होती.

रक्तपेढीचा धडा

वैद्यकाला ही शिस्त नवी नाही. रक्तपेढीत नमुन्याच्या नळीवर नाव किंवा नोंदणी क्रमांक नसेल, तर तंत्रज्ञ नमुना परत पाठवतो. ‘बहुधा त्या तिसऱ्या खाटेवरच्या बाईंचा असेल’ असे म्हणून तो पुढे जात नाही. निवासी डॉक्टर चिडतात, पुन्हा रक्त काढावे लागते, रुग्णाचे नातेवाईक वैतागतात. तरी नियम मोडत नाहीत. चुकीचे रक्त चढले तर काय होते हे सगळ्यांना माहीत असते. पिशवी खाटेपाशी आल्यावर पुन्हा नाव, क्रमांक, रक्तगट दोघांनी मिळून वाचायचा असतो. शस्त्रक्रियेआधी रुग्ण कोण, अवयव कोणता, बाजू कोणती, हे मोठ्याने विचारले जाते. यांतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खोलीतल्या सर्वांना आधीच ठाऊक असते. तरीही विचारायचे असते.

कोडमधल्या तपासणीचे स्वरूप तंतोतंत असेच आहे. फंक्शनच्या सुरुवातीलाच चार-पाच प्रश्न विचारायचे. दिलेली वस्तू संख्या आहे की शब्द? एकच आहे की अनेक? वजन आणि उंची यांच्या नोंदी सारख्याच आहेत का? मूल्य शक्य त्या मर्यादेत आहे का? कुठे जागा रिकामी आहे का? यातले काहीही चुकले तर काम थांबवायचे आणि काय चुकले ते स्पष्ट सांगायचे. ‘उंची मीटरमध्ये हवी, ४१व्या ओळीत १७० आहे’ असा संदेश आला, तर दुरुस्तीला दोन मिनिटे लागतात. ‘आर’मध्ये यासाठी ‘स्टॉप-इफ-नॉट’ नावाची सोय भाषेतच आहे. ठरलेल्या पर्यायांपैकीच एक निवडायला लावणारी ‘मॅच-आर्ग’ नावाची दुसरी सोय आहे. ‘पायथन’मध्येही अशी साधने आहेत. पैसे पडत नाहीत, वेगळे यंत्र लागत नाही.

गटांना ० आणि १ म्हणण्याऐवजी ‘परिचारिका’ आणि ‘नेहमीची सेवा’ अशी नावेच ठेवावीत, हा साधा उपाय. आकडे बदलायचेच असतील, तर जुने आणि नवे आकडे समोरासमोर मांडणारा तक्ता काढून, किती जण कुठून कुठे गेले ते मूळ यादीशी ताडून पाहावे. सीओपीडीच्या त्या चाचणीत मर्यादेची नुसती तपासणी उपयोगी पडली नसती, कारण ० आणि १ हे दोन्ही आकडे मर्यादेतच होते. तिथे हा तक्ताच कामी आला असता.

तपासणीचेही पथ्य

इथे एका डॉक्टरला सावधगिरीचा सूर लावणे भाग आहे. ‘शक्य ती मर्यादा’ कोण ठरवणार? हिमोग्लोबिन ५ पेक्षा कमी असूच शकत नाही, असे एखाद्या प्रोग्रामरला वाटेल. सरकारी रुग्णालयात ३ हिमोग्लोबिन घेऊन चालत आलेली गरोदर बाई आम्ही पाहिलेली असते. कोडने असा आकडा ‘अशक्य’ म्हणून परस्पर गाळला, तर सर्वांत आजारी, सर्वांत गरीब रुग्णच आकडेवारीतून नाहीसे होतील. मग सरासरी सुधारलेली दिसेल आणि आपण खूश होऊ. म्हणून तपासणीचे काम थांबून विचारण्याचे आहे. गाळायचे की ठेवायचे, हे केसपेपर पाहून माणसाने ठरवावे आणि त्याची नोंद ठेवावी.

मर्यादेच्या तपासणीतून काही चुका सुटतातही. क्रिएटिनिन आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये सांगतात, बऱ्याच देशांत मायक्रोमोलमध्ये. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. एवढा फरक मर्यादेत पकडला जातो. पण वजन पौंडांत नोंदले गेले, तर ७० किलोचा माणूस १५४चा होतो, आणि १५४ किलो वजनाची माणसे असतात. अशा जागी मोजमापाचे एकक हेच वेगळे आर्ग्युमेंट म्हणून मागावे आणि ते दिल्याशिवाय फंक्शनने पुढे जाऊ नये.

तिसरे पथ्य आवाजाचे. अतिदक्षता विभागात दिवसभर यंत्रे वाजत असतात. शेवटी खऱ्या धोक्याचा आवाजही कानांवरून जातो. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला इशारा देणाऱ्या कोडचेही असेच होते. माणसे इशारेच बंद करून टाकतात. जिथे उत्तर नक्की चुकणार तिथे काम थांबावे, जिथे शंका आहे तिथे इशारा द्यावा, बाकी ठिकाणी गप्प राहावे. हा विवेक प्रोग्रामर एकटा करू शकत नाही. त्याच्याशेजारी तो विषय जाणणारा डॉक्टर बसायला हवा.

आत्ताच का?

दोन कारणांनी. पहिले म्हणजे कोड लिहिणारे हात बदलले आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एमडी किंवा एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. त्यातले विश्लेषण पूर्वी महाविद्यालयातला संख्याशास्त्राचा शिक्षक किंवा बाहेरचा जाणकार करून देई. आता निवासी डॉक्टर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला दोन ओळींत सांगतो आणि क्षणात कोड हाती येतो. यात वाईट काही नाही. रात्रपाळी करणाऱ्या मुलांचा वेळ वाचतो. पण ‘बीएमआय काढून दे’ म्हटले की सूत्र मिळते. उंची मीटरमध्ये आहे का, हे तपासायचे सांगितले तरच त्या तपासणीची खात्री. शिवाय कोड लिहिताना माणूस जेवढा विचार करतो, तेवढा आयता कोड चालवताना करत नाही. चालला म्हणजे बरोबर, असे वाटू लागते.

दुसरे कारण माहितीच्या प्रवासाचे. सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या नोंदी एकमेकींशी जोडण्याची वाट खुली झाली आहे. एका रुग्णालयाचा ‘१’ दुसऱ्या रुग्णालयाचा ‘२’ असू शकतो. एका प्रयोगशाळेत न केलेली चाचणी रिकामी ठेवतात, दुसरीत ० लिहितात. माहिती जितकी लांबून येईल, तितकी ती भरणाऱ्याला विचारण्याची शक्यता कमी. म्हणजे दारावरची तपासणी तितकी अधिक महत्त्वाची.

नियमांच्या पातळीवर हालचाल झाली आहे. औषध चाचण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५मध्ये स्वीकारली गेली. तिच्यात सांख्यिकीच्या कोडची गुणवत्ता तपासण्याची आणि त्या तपासणीची लेखी नोंद ठेवण्याची जबाबदारी चाचणीच्या प्रायोजकावर टाकली आहे. हे स्वागतार्ह आहे. पण ही तत्त्वे मुख्यतः प्रायोजक असलेल्या चाचण्यांसाठी आहेत. प्रबंध, जिल्हा रुग्णालयांतले छोटे अभ्यास, आरोग्य खात्याचे मासिक अहवाल यांना असा कुणी प्रायोजक नसतो. या कामाकडे कुणाचे लक्ष नाही, आणि स्थानिक निर्णय तर त्याच्यावरच होतात: कुठल्या तालुक्यात लोहाच्या गोळ्या जास्त पाठवायच्या, कुठले प्रतिजैविक आता काम करत नाही.

करता येण्याजोगे

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. महाविद्यालयांच्या नीतिमत्ता समित्या संमतीपत्रातला शब्दन् शब्द पाहतात. त्यांनी एक प्रश्न वाढवावा: माहिती विश्लेषणाआधी कशी तपासणार? प्रबंधासोबत विश्लेषणाचा कोडही जोडण्याची अट विद्यापीठांना घालता येईल. परीक्षकाने त्यात फक्त एक गोष्ट करून पाहावी. मुद्दाम चुकीची माहिती द्यावी: वय २५०, लिंग ३, उंची १७०. कोड थांबला तर ठीक. निमूटपणे उत्तर आले, तर पुढच्या तक्त्यांवर विश्वास ठेवण्याआधी विचारावे. हा प्रयोग करायला परीक्षकाला प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

निवासी डॉक्टरांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कोड घेताना तीन वाक्ये जास्त लिहावीत. प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार आणि मर्यादा तपास; चूक असेल तर थांब आणि ओळ सांग; उत्तर ज्ञात असलेल्या पाच रुग्णांवर कोड चालवून दाखव. ते पाच रुग्ण आधी स्वतः कागदावर मोजावेत.

भारतात २००९पासून औषध चाचण्यांची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ‘आणखी एक कागद’ म्हणून कुरकूर झाली होती. आज नोंदणी क्रमांकाशिवाय निबंध पाठवणे कुणाला सुचत नाही. कोडमधल्या तपासणीचेही तसेच व्हायला हवे. जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांनी एक्सेलच्या एका खोडीपायी काय केले, तेही जाता जाता सांगण्यासारखे आहे. ‘सेप्ट २’ हे जनुकाचे नाव एक्सेल २ सप्टेंबर ही तारीख समजे. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका असल्याचे २०१६मध्ये दिसून आले. साधन बदलेना, तेव्हा २०२०मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. ‘सेप्ट २’चे ‘सेप्टिन २’ झाले.

आपल्याला नावे बदलावी लागणार नाहीत. आपल्या विभागात पुढच्या आठवड्यात जो तक्ता तयार होणार आहे, त्याच्या कोडमध्ये वरच्या चार-पाच ओळी आहेत का, तेवढे विचारावे लागेल.